हीट पाइप : यंत्राची गरमी वाहून नेणारी बंद नळी

उन्हाळा लागला की आमच्या कापडाच्या धंद्यात दोन गोष्टी एकदम होतात. लग्नसराईमुळे गिऱ्हाईक वाढते आणि नेमकी त्याच दिवसांत मशीन अडू लागतात. बिलाचा कॉम्प्युटर दुपारी मंद होतो, लॅपटॉप आपोआप बंद पडतो, भरतकामाच्या मशीनचा कंट्रोल बॉक्स चूक दाखवून थांबतो. दुरुस्तीवाला येतो, "गरम झाले आहे" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. यंत्र गरम का होते, ती गरमी कोठे जायला हवी होती आणि ती का गेली नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्यानंतर कॉम्प्युटर ही मोठ्या पेढीची मिरासदारी राहिली नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील आमच्या लोणी काळभोरसारख्या गावात, पत्र्याच्या छपराखालील दुकानातही आज बिल कॉम्प्युटरवर निघते. शिलाई, भरतकाम, यंत्रमाग, छपाई या सर्व कामांत इलेक्ट्रॉनिक्स शिरले आहे. मशीन दोन दिवस थांबले तर कारागिराची दोन दिवसांची रोजी जाते. म्हणून ज्या गोष्टीवर आपली रोजी अवलंबून आहे तिची थोडी तरी ओळख आपल्याला हवी. या लेखात आम्ही 'हीट पाइप' या एका साध्या पण मोठ्या हुन्नराच्या वस्तूची माहिती देत आहोत. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आणि कॉम्प्युटरच्या चांगल्या कूलरमध्ये ती असते. विकणारा तिचे नाव घेऊन जास्त दाम सांगतो. ती काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजले तर आपण दामही नीट देऊ आणि मशीनही नीट सांभाळू.

हरारत आणि दर्जा-ए-हरारत

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. तेथे विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द असत : 'हरारत' म्हणजे उष्णता आणि 'दर्जा-ए-हरारत' म्हणजे तापमान. बोलताना आपण दोन्हीला 'गरमी'च म्हणतो, पण हा फरक पक्का समजला पाहिजे.

उष्णता हा माल आहे, तर तापमान ही त्या मालाच्या थप्पीची उंची आहे. लहान गोदामात थोडाच माल आला तरी थप्पी छताला लागते. तोच माल मोठ्या गोदामात पसरून ठेवला तर गुडघाभरही होत नाही. कॉम्प्युटरची चिप हे फार लहान गोदाम आहे. नखाएवढ्या जागेत वीज सतत खर्च होते आणि तिची जवळजवळ सर्व उष्णता बनते. लॅपटॉपच्या चिपमध्ये साधारण १५ ते ४५ वॅट, तर टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये १०० वॅटच्याही वर. जुन्या काळी दुकानात शंभराचा पिवळा बल्ब लावत असू, त्याला हात लावून पाहिलेल्या माणसाला ही गरमी किती असते ते सांगायला नको. येथे तेवढी गरमी नखाएवढ्या जागेत कोंडली जाते.

चिप साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. त्याआधीच ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. दुपारी कॉम्प्युटर मंद होतो त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तरीही गरमी वाढली तर यंत्र बंद होते. यंत्र बंद न पडता रोज तापत राहिले तरी नुकसान चालूच असते. पॉवर सप्लायमध्ये जे गोल डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्याबाबत कारागिरांचा जुना ठोकताळा आहे : तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. म्हणजे गरमी हा रोज थोडाथोडा कापला जाणारा खर्च आहे, वहीत तो दिसत नाही एवढेच.

तेव्हा उपाय एकच. नखाएवढ्या जागेत तयार होणारा उष्णतेचा माल तातडीने उचलायचा आणि मोठ्या जागेत पसरायचा. ही मोठी जागा म्हणजे धातूच्या पातळ पात्यांची जुडी. तिला हीट सिंक म्हणतात. तिच्यावर पंखा वारा घालतो. आता प्रश्न उरतो हमालीचा. चिप एका कोपऱ्यात आणि पात्यांची जागा दुसऱ्या कोपऱ्यात. मधला माल कोण वाहून नेणार? ती हमाली हीट पाइप करते.

माठातले पाणी आणि लपलेली उष्णता

मातीच्या माठात पाणी थंड का होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवेत ओल असते, वाफ कमी होते आणि माठही थंडावत नाही.

वाफ किती उष्णता घेऊन जाते, हे आकड्यांत पाहू. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. शून्यापासून शंभर अंशांपर्यंत नेण्यास शंभर कॅलरी. परंतु त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायची झाल्यास आणखी ५४० कॅलरी द्याव्या लागतात, आणि तेवढ्यात तापमान एक अंशानेही वाढत नाही. ही उष्णता वाफेत लपून बसते. उर्दूत तिला 'मख्फी हरारत' म्हणतात, मराठी पुस्तकांत 'अप्रकट उष्णता'. वाफेचे पुन्हा पाणी झाले की लपलेला सर्व माल जशाचा तसा बाहेर येतो. म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त बसतो.

थोड्या वजनात एवढा माल वाहणारा दुसरा हमाल सहज सापडत नाही. हीट पाइप हा वाफेला हमाल म्हणून कामाला लावण्याचा प्रकार आहे.

नळीच्या आत काय असते?

बाहेरून पाहिले तर ती तांब्याची एक बारीक नळी, बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीची, लॅपटॉपमध्ये दाबून चपटी केलेली. काहींवर निकेलचा मुलामा असतो, त्या पांढऱ्या दिसतात. दोन्ही तोंडे कायमची बंद. आत तीनच गोष्टी असतात. पहिली, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी शुद्ध पाणी. दुसरी, आतल्या भिंतीला लागून असलेला सच्छिद्र थर, म्हणजे वात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मधली पोकळी, जिच्यातील हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते.

हवा काढण्याला कारण आहे. पाणी शंभर अंशांवर उकळते, हे समुद्रसपाटीवरचे गणित. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तेथे ते ९५-९६ अंशांनाच उकळते. उलट कुकरमध्ये दाब वाढवतो, तर ते १२० अंशांच्या आसपास जाते. हीट पाइपमधील हवा काढून टाकल्यामुळे आतले पाणी ४०-५० अंशांवरही सुखाने वाफ होते. ५० अंशांवर त्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण आठवा भाग असतो.

आता काम कसे चालते ते पाहा. नळीचे एक टोक चिपच्या डोक्यावरील तांब्याच्या पट्टीला चिकटलेले. चिप तापली की त्या टोकाच्या वातीतील पाण्याची वाफ होते. वाफ मधल्या पोकळीतून क्षणात दुसऱ्या, थंड टोकाकडे धावते. तेथे पात्यांची जुडी आणि पंखा असतो. वाफ थंड होऊन तिचे पाणी होते आणि लपलेली उष्णता पात्यांना देऊन टाकते. ते पाणी वातीत शिरते आणि वातीतूनच गरम टोकाकडे परत येते. पुन्हा वाफ, पुन्हा पाणी. ना पंप, ना मोटर, ना विजेचा एक पैसा. जाताना वाफेच्या रूपाने माल भरलेला आणि येताना पाण्याच्या रूपाने रिकामा, अशी ही फेरी वर्षानुवर्षे चालते.

आमच्या लोणीकरांना हे एका तुलनेने लवकर समजेल. मुंबई-पुणे-सोलापूर तेलवाहिनी आपल्या लोणीच्या डेपोत तेल आणते. घाट चढवून तेल आणायचे तर पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. हीट पाइपमध्ये मात्र गरमीच पंपाचे काम करते. जी वस्तू हलवायची तीच हलवण्याचे बळ पुरवते.

वात : कापडवाल्यांना समजणारी गोष्ट

या सगळ्या कारागिरीचा जीव वातीत आहे, आणि वातीची गोष्ट आमच्या कापडवाल्यांना इंजिनिअरपेक्षा लवकर समजावी.

सोलापूरचा टॉवेल बादलीच्या काठावर असा टाका की एक टोक पाण्यात राहील. थोड्या वेळाने पाणी टॉवेलमधून वर चढलेले दिसेल. कंदिलाच्या वातीतून रॉकेल असेच चढते. धाग्याधाग्यांमधील बारीक फटी पाणी वर ओढतात. विज्ञानात याला केशाकर्षण म्हणतात. पण नवे, खळ दिलेले कापड पाण्यात टाकले तर ते लवकर भिजत नाही, थेंब वरच राहतो. एकदोन धुण्यांत खळ निघाली की तेच कापड पाणी पिऊ लागते. म्हणजे फटी असून भागत नाही, त्या स्वच्छ असाव्या लागतात. हीट पाइप बनवतानाही हेच. आतील तांबे तेलकट राहिले तर वात पाणी ओढत नाही आणि नळी निकामी होते.

वातीचे मुख्य तीन प्रकार आहेत. एक, नळीच्या आतल्या अंगाला कोरलेल्या बारीक खाचा. दुसरा, तांब्याच्या तारेची विणलेली जाळी. हे तर ताण्याबाण्याचेच काम, फक्त सुताच्या जागी तांबे. तिसरा, तांब्याची भुकटी नळीत भरून ती पूर्ण वितळू न देता फक्त कण एकमेकांना चिकटतील इतपत तापवून बनवलेला थर.

यांत निवड कशी करतात? येथे वीणकामाचाच न्याय लागतो. वीण घट्ट असेल तर पाणी उंच चढते, पण हळू वाहते. वीण सैल असेल तर पाणी भराभर वाहते, पण उंच चढत नाही. खाचांची नळी स्वस्त आणि आडवी ठेवली तर चांगली, पण उलटी धरली तर पाणी परत येत नाही. भुकटीची वात कोणत्याही बाजूला बरीच चालते, म्हणून लॅपटॉप-कॉम्प्युटरमध्ये ती अधिक दिसते. तरीही कोणतीही नळी सर्वांत चांगली तेव्हाच चालते, जेव्हा गरम टोक खाली आणि थंड टोक वर असते. मग पाणी उताराने परत येते.

तांब्यात पाणीच का भरतात? कारण तांबे आणि शुद्ध पाणी यांचे जमते. ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी भरले तर दोघांची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. तो थंड टोकाला जाऊन बसतो आणि वाफेची वाट अडवतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळीत अमोनिया भरतात. उपग्रहांत हलकेपणा हवा असतो, तेथे ॲल्युमिनियम-अमोनियाच्या नळ्या वापरतात.

भरीव तांबे आणि पोकळ नळी

कोणी विचारील, तांबे स्वतःच गरमी चांगली वाहते, मग भरीव तांब्याची कांबच का लावू नये? हिशोब करू. ६ मिलिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर लांबीची भरीव तांब्याची कांब घ्या. तिच्यातून ३० वॅट उष्णता पलीकडे पाठवायची तर दोन टोकांच्या तापमानात सुमारे ४०० अंशांचा फरक लागेल. पलीकडचे टोक ५० अंशांवर ठेवले तर चिपकडचे टोक ४५० अंशांवर न्यावे लागेल. चिप त्याच्या कितीतरी आधी जळून खाक होईल.

त्याच मापाची चांगली हीट पाइप तीच ३० वॅट उष्णता अवघ्या काही अंशांच्या फरकाने पलीकडे पोहोचवते. वर ती पोकळ, म्हणजे वजनाने हलकी आणि तांबेही थोडे. वजनावर माल विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की येथे दाम धातूच्या वजनाचा नसून आतल्या कारागिरीचा आहे.

ही नळी आली कोठून?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील पर्किन्स घराण्याने पाणी भरून बंद केलेल्या लोखंडी नळ्या तयार केल्या. एक टोक भट्टीच्या आगीत आणि दुसरे पाव भाजण्याच्या खणात. आत वात नव्हती, नळी तिरपी ठेवलेली असल्याने पाणी उताराने परत येई. बेकरीच्या धंद्यात या नळ्यांच्या भट्ट्या पुष्कळ चालल्या. आमच्यात बेकरीवाले बंधू पुष्कळ आहेत. कॉम्प्युटरमधील नळीचे आजोबा पावाच्या भट्टीत होते, हे त्यांना ऐकायला आवडेल.

वात घालण्याची कल्पना अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या गॉगलर या इंजिनिअरची. त्याने १९४२ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९४४ मध्ये ते मंजूर झाले, पण त्यावेळी ते कोणी वापरले नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातील कामासाठी हीच वस्तू स्वतंत्रपणे तयार केली आणि तिला 'हीट पाइप' हे नाव दिले. पुढे उपग्रहांत ती रुजली. १९९० च्या दशकात लॅपटॉपच्या चिपा तापू लागल्या तेव्हा ती लॅपटॉपमध्ये आली, आणि २०१३ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीने ती मोबाइल फोनमध्येही बसवली.

वर तेलवाहिनीचा उल्लेख आला, तर तिकडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात १९७७ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटरची तेलवाहिनी पूर्ण झाली. तेथील जमीन बारमाही गोठलेली. ती वितळली तर खांब खचतील. म्हणून खांबांमध्ये अमोनिया भरलेल्या लाखाहून अधिक हीट पाइप बसवल्या आहेत. त्या हिवाळ्यात जमिनीतील उष्णता वरच्या थंड हवेत सोडतात आणि जमीन गोठलेली राखतात. तत्त्व तेच, जे आपल्या बिलाच्या लॅपटॉपमध्ये आहे.

पुण्यातील मोठी यंत्रे

पुणे शहर हे मोठ्या कॉम्प्युटरचे शहर आहे. १९८८ मध्ये येथे 'सी-डॅक' संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. २०१९ मध्ये पुण्याच्या 'आयसर' संस्थेत 'परम ब्रह्म' बसवण्यात आला, तर २०२४ मध्ये पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. मान्सूनचा अंदाज अशाच यंत्रांवर काढतात, आणि पावसावर शेतकऱ्याचा हंगाम व आपला बाजार दोन्ही चालतात.

'परम ब्रह्म'मध्ये गरमी काढण्यासाठी द्रव थेट चिपवरील पट्टीपर्यंत नळ्यांतून फिरवतात. कारण उघड आहे. हजारो चिपा एका खोलीत बसल्या की माल इतका होतो की लहान बंद नळीची हमाली पुरत नाही. तेथे पंप लागतोच. यावरून धडा असा की, प्रत्येक साधनाला त्याचे माप आहे. थोडी गरमी असेल तर नुसती पाती, त्याहून जास्त असेल तर हीट पाइप आणि पाती, फारच असेल तर पंपाने फिरवलेला द्रव. दुकानाच्या कॉम्प्युटरला महासंगणकाचा थाट नको, आणि मोठ्या मशीनला चार पात्यांवर भागत नाही.

नळी काय करू शकत नाही

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हीट पाइप थंडी निर्माण करत नाही. फ्रिज थंडी देतो कारण त्यात कॉम्प्रेसर आहे, आणि तो वीज खातो. हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक असे कॉम्प्रेसर बनवते. हीट पाइपमध्ये तसे काही नाही. ती गरमी फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. दुसऱ्या जागेची हवाच तापलेली असेल तर नळी काय करील?

समजा चिपला ८५ अंशांपुढे जाऊ द्यायचे नाही. थंडीत दुकानातील हवा २५ अंश असते, म्हणजे हाताशी ६० अंशांची शिल्लक. मे महिन्यात हवा ४० अंश झाली की शिल्लक ४५ वर येते. यंत्र तेच, पंखा तोच, पण गरमी बाहेर टाकण्याची ताकद एक चतुर्थांशाने घटली. पत्र्याखाली हवा आणखी तापली तर शिल्लक आणखी कमी. त्यात पात्यांमध्ये सुताची लव अडकली असेल तर विचारूच नका.

आणि एक मर्यादा. नळीच्या ताकदीपेक्षा जास्त गरमी आली तर गरम टोकाची वात सुकते. तेल संपलेल्या दिव्याची वात जशी जळू लागते तसे होते. पाणी परत येण्यापूर्वीच उडून जाते, फेरी थांबते आणि तापमान एकदम चढते. ६ मिलिमीटरच्या एका नळीची ताकद साधारण तीस-चाळीस वॅट धरावी, चपटी केल्यास त्याहून कमी. म्हणूनच मोठ्या कूलरमध्ये चार-सहा नळ्या असतात.

व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी काय करावे?

पहिली गोष्ट, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. कापडाच्या दुकानात आपण गादीवर बसतो आणि लॅपटॉपही गादीवर किंवा ताग्यावर ठेवतो. त्याची हवा घेण्याची भोके बहुधा खालीच असतात. गादी ती बुजवते. लाकडी पाट किंवा फळी खाली ठेवली तरी काम होते, खर्च काहीच नाही.

दुसरी, लव साफ करा. धान्याच्या दुकानापेक्षा कापडाच्या दुकानात आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत रुईची बारीक लव फार. पंखा ती आत ओढतो आणि पंखा व पात्यांच्या मध्ये तिचा चक्क नमदा तयार होतो. नळी शाबूत असूनही मग गरमी बाहेर जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि उन्हाळ्यापूर्वी नक्की, ब्लोअरने साफ करून घ्यावे. यंत्र बंद ठेवावे आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत, नाहीतर तो उलटासुलटा फिरून बिघडतो.

तिसरी, पेस्ट तपासा. चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहणारी पांढरी किंवा राखाडी पेस्ट असते. काही वर्षांत ती सुकते. जुनी पूर्ण पुसून नवी पातळ लावावी. जाड थर लावला तर फायद्याऐवजी नुकसान होते.

चौथी गोष्ट दुरुस्ती करणाऱ्या आमच्या तरुण बांधवांसाठी. हीट पाइप वाकवू नका, दाबू नका, तिला भोक पाडू नका आणि तिच्यावर हॉट एअर गन धरू नका. आत बंद पाणी आहे. फार तापले तर दाब वाढून नळी फुटू शकते. केसाएवढी फट पडली तरी हवा आत शिरते आणि नळी नुसती तांब्याची पोकळ कांडी होऊन बसते. अशी नळी डाग देऊन नीट होत नाही, बदलावीच लागते.

पाचवी, नळी जिवंत की मेलेली हे ओळखण्याची सोपी कसोटी. कूलर मशीनवरून काढलेला असताना नळीचे गरम बाजूचे टोक कढत पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला जपून बोट लावा. नळी चांगली असेल तर काही सेकंदांतच दुसरे टोक तापते. मेलेली असेल तर बुडालेला भाग गरम आणि पुढचा भाग बराच वेळ थंड राहतो. गिऱ्हाईकासमोर ही कसोटी करून दाखवली तर त्याचा विश्वास बसतो, आणि गरज नसताना कूलर बदलून पैसे घेतल्याचा आरोपही येत नाही.

सहावी, खरेदी करताना नुसती नळ्यांची संख्या मोजू नका. चिप किती वॅटची आणि कूलर किती वॅटचा, हे विचारा. सहा नळ्या आणि पाती तोकडी, हा सौदा म्हणजे सहा हमाल आणि गोदाम मात्र एवढेसे. माल उतरवायचा कोठे? हेही लक्षात ठेवा की भरतकामाच्या किंवा मागाच्या कंट्रोल बॉक्समध्ये बहुधा साधी ॲल्युमिनियमची पाती आणि पंखाच असतो. तेथे हीट पाइपच्या नावाने जास्त दाम मागितला तर आधी झाकण उघडून दाखवायला सांगा.

शेवटी आमच्या मुलांबद्दल दोन शब्द. बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीपासून लोणीच्या बाजारापर्यंत दुरुस्तीचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. हातात कसब आहे, पण पुष्कळदा ते पाहून शिकलेले असते, समजून शिकलेले नसते. गरमी कोठे तयार होते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे अडते, एवढे तीन प्रश्न जो मुलगा प्रत्येक यंत्रापुढे विचारील, तो सुटे भाग अंदाजाने बदलणार नाही, नेमका दोष शोधील. त्याचा वेळ वाचेल, गिऱ्हाईकाचा पैसा वाचेल आणि त्याचे नाव बाजारात चालेल. लोणी काळभोरमध्येच राजबागेत आता अभियांत्रिकी शिकवणारे विद्यापीठ उभे आहे. ज्यांना परवडते त्यांनी मुलांना तेथपर्यंत जरूर पोहोचवावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान दुकानात, कामाच्या टेबलावर, मुलाला 'कसे' बरोबर 'का' हेही शिकवावे. मे महिना दर वर्षी येणारच आहे. तो येण्यापूर्वी या आठवड्यात एकदा आपल्या मशीनची हवा यायची आणि जायची वाट मोकळी आहे की नाही, एवढे तरी प्रत्येकाने पाहून घ्यावे.